नवरात्रात ठेवलेला कागद

मानमोडीच्या तापातून उठलेल्या माणसाला लोक दोन गोष्टी विचारतात. काय खाल्लेत, आणि कोणत्या देवाला बोललात. दोन्हींची उत्तरे देऊन मी कंटाळलो आहे, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो. पहिले आठ-दहा दिवस तांदळाची पेज आणि कढत पाणी याखेरीज पोटात काही ठरले नाही. देवाला मी काही बोललो नाही, कारण बोलण्याइतकी शुद्ध नव्हती.

ज्यांच्या घरी आज कोणी अशा तापाने पडले असेल त्यांना माझे सांगणे थोडेच आहे. ताप उतरला म्हणून लगेच रोग्याला उठू देऊ नका. अंघोळीची घाई करू नका. आणि त्याच्या उशाशी पाण्याचे भांडे घेऊन एक माणूस बसवा. औषधापेक्षा तो माणूस महत्त्वाचा आहे. आमच्या परगण्यात जे गेले त्यांतले पुष्कळसे तापाने गेले नाहीत, पाणी द्यायला कोणी उरले नाही म्हणून गेले. हे मी ऐकीव सांगत नाही. हे मला वेळेवर कळवण्यात आले होते, आणि मी ते माझ्या हाताने लिहून घेतले होते. ते पुढे कसे झाले तेच सांगायला बसलो आहे.

जड रुमाल

धारच्या पलीकडे, जिथून गंधवानीकडची डोंगराळ वाट सुरू होते, तिथल्या एका परगण्याच्या कचेरीत मी अव्वल कारकून होतो. माळव्यात संस्थाने एकमेकांना खेटून आहेत. मी कोणाच्या चाकरीत होतो ते नाव इथे लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील आणि माझ्यावर रागावतील, रागावोत.

कचेरीत कागद ज्या फडक्यात बांधून ठेवतात त्याला रुमाल म्हणतात. मुलकीचा रुमाल वेगळा, फौजदारीचा वेगळा. आमच्याकडे आणखी एक रुमाल होता, त्याचे नाव कुठल्या यादीत नव्हते. आम्ही त्याला जड रुमाल म्हणत असू. नवरात्रात घट बसले की मृत्यूचा, आगीचा, रोगाचा कागद हुजुरांकडे, म्हणजे महाराजांकडे, पाठवायचा नाही, असा रिवाज होता. देवीचे नऊ दिवस गादीपुढे अशुभ वाचायचे नाही. असे कागद या रुमालात बांधून कोनाड्यात ठेवायचे, आणि दसरा झाला की एकादशीला अव्वल कारकुनाने गाठ सोडून ते रवाना करायचे. याचा लेखी हुकूम कधी कोणी पाहिला नाही. मला हे आधीच्या कारकुनाने शिकवले, त्याला त्याच्या आधीच्याने शिकवले असेल.

खरे सांगायचे तर या रिवाजाने आजवर कोणाचे फारसे बिघडले नव्हते. एखाद्या गावी झोपडी जळाली, एखादा म्हातारा पाटील गेला, तो कागद नऊ दिवस उशिरा गेला तर काय होणार? मलाही त्यात एक प्रकारचा नेटकेपणा वाटायचा. आपण जुन्या चालीचे जपून करतो याचा अभिमानच होता म्हणा ना.

त्या वर्षी दुसऱ्या माळेला वेस्ता तडवी आला. तडवी म्हणजे भिलांच्या गावचा प्रमुख. वसुलीची आठवण द्यायची, गावात काही घडले तर कचेरीत वर्दी द्यायची, हे त्याचे काम, आणि त्याबद्दल त्याच्याकडे सरकारातून एक शेत असे. वेस्ताचे गाव कचेरीपासून सहा कोसांवर डोंगरात. चाळिशीचा, बारीक, बोलताना दुसरीकडे पाहणारा माणूस. आमच्याशी तो माळवीत बोलायचा. त्या दिवशी तो ओसरीवर बसलाच नाही, खांब धरून उभा राहिला.

"मुनसीजी, आखो गाम पड्यो है," तो म्हणाला. "घर-घर ताव. मरे जो मरे, पण जो जीवे है वणके पाणी कुण पावे? नाला तक जावा वारो कोई नी रियो."

"डॉक्टर माँगना है?" मी लेखणी उचलत विचारले.

"डाक्टर आवे तो हऊ. नी आवे तो दो-चार जणा भेजो, पाणी भरवा वारा. ने थोड़ी जुवार."

मी त्याची वर्दी लिहून घेतली, तिथी घातली, त्याचा अंगठा घेतला. "जाएगा भिया, हुजूर में जाएगा," म्हणालो. कधी जाईल ते त्याने विचारले नाही. तो तसाच सहा कोस परत गेला.

कागद घेऊन मी आत रावसाहेबांकडे गेलो. रावसाहेब म्हणजे आमचे कमाविसदार, परगण्याचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, फक्त सणांचा आणि मानपानाचा धाक फार.

"अहो गोविंदराव, घट बसलेत," ते म्हणाले. "आता हे कुठे पाठवता? ठेवा रुमालात."

"निदान आपले चार शिपाई पाठवावेत का? पाणी भरायला?"

"आणि मिरवणुकीला काय तुम्ही नि मी भालदार होऊन उभं राहायचं?"

ते हसले. मीही हसलो. मी एकदाच विचारले. दुसऱ्यांदा विचारायला तोंड होते, विचारले नाही. आणि त्यांनी नाही म्हटल्यावर मला जरा हायसे वाटले, कारण जबाबदारी आता त्यांची झाली असे वाटले. कागद मी रुमालात घातला आणि गाठ मारली.

सातवी माळ

माझ्या आजाराचा दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण मी त्या दिवशी दसऱ्याच्या मानकऱ्यांची यादी करत होतो. शमीपूजनाला कोण कोणाच्या डाव्या हाताला उभा राहणार, पान आधी कोणाला, यावरून दर वर्षी रुसवे होत, म्हणून यादी फार जपून करावी लागे. चौथ्या नावावर अक्षर हलायला लागले. पाचवे नाव ओळीच्या खाली गेले. मान वर करायला गेलो तर होईना. मानेत कोणीतरी खुंटी ठोकली आहे असे दुखू लागले. पागोटे काढून ठेवले तरी डोके पेलवेना.

इतके दिवस गावात या तापाचे नाव ऐकत होतो. मुंबईकडून आला, रेल्वेने महूला उतरला, छावणीतून पसरला, असे काहीबाही. आपल्याला होईल असे मात्र वाटले नव्हते. का वाटले नव्हते याला काही कारण नाही. सरकारी माणसाला ताप जरा विचारून येईल अशी काही समजूत असावी.

घरी पोचलो तो यमुना, माझी बायको, दारातच म्हणाली, "अहो, मान अशी काय धरलीत?" माझी मुलगी कुसुम चार वर्षांची. ती येऊन कपाळाला हात लावून पाहू लागली आणि हात झटकून म्हणाली, "आई, अप्पा तव्यासारखे झालेत." यमुनेने तिला मागे ओढले. ती मला शेवटची धड दिसली ती तशी, आईच्या पदराआडून माझ्याकडे पाहत, हात फुंकत.

त्यानंतर मला भीती वाटली. भीतीबद्दल लिहिताना लोक शूरपणा आणतात, माझ्यात तो नव्हता. छातीत घरघर ऐकू येई आणि ती दुसऱ्या कोणाची आहे असे वाटे. यमुनेने दिवे लावले की उजाडले असे वाटे. दसरा झाला तो मला कळला नाही. एकादशी आली आणि गेली. जड रुमालाची गाठ सोडायचे काम माझे होते, आणि मी पडलो होतो. कचेरीतले दुसरे दोघे कारकूनही पडले होते. रावसाहेबांना त्या कागदाची आठवण राहिली नाही. नऊ दिवसांचा रिवाज, त्याला माझ्या आजाराने आणखी दिवस जोडले.

त्रयोदशीला दुसऱ्या दोन गावांकडून रडत माणसे आली, तेव्हा रावसाहेब घाबरले आणि कोनाड्यातला रुमाल त्यांनी स्वतः सोडला. नवी खबर लिहून हुजुरांकडे सांडणीस्वार गेला. तिकडून मात्र काही दिरंगाई झाली नाही. कोजागिरीला डॉक्टर आले, बरोबर कंपाउंडर, घोंगड्या, दुधाचे डबे आणि पाणी भरायला दहा-बारा माणसे. वेस्ताने मागितली होती त्यापेक्षा जास्त.

शाळेतले दिवस

कसब्याची शाळा रिकामी करून तिचे इस्पितळ केले आणि मला खाटेसकट तिकडे नेले. वर्गात आम्ही आठ जण. फळ्यावर पंतोजींनी मांडलेले त्रैराशिक तसेच होते, सोडवलेले नव्हते. मी पडल्या पडल्या ते रोज सोडवायला घ्यायचो आणि दुसऱ्या पायरीवर झोप लागायची.

दिवस असा जायचा. सकाळी कंपाउंडर पितळी घंगाळ घेऊन यायचा आणि एकाच वाटीने सगळ्यांना कडू औषध पाजायचा. तो इंदूरचा, बोलका. माझ्या तोंडातून ताप मोजायची काच काढून उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, "मुंशीजी, आज अपन सौ पे आ गए. कल और उतरेंगे." दुपारी यमुना पेज आणायची. ती स्वतःही तापातून नुकतीच उठली होती, भिंत धरून चालायची. संध्याकाळी शाळेच्या दाराच्या फळ्या काढून नेत आणि काही वेळाने परत आणून बसवत. फळ्या कशाला नेत ते कोणी विचारत नसे.

आम्ही आत होतो. भिलांच्या खाटा ओसरीवर होत्या, आणि खाटा संपल्यावर पेंढ्यावर. थंडी पडू लागली होती. घोंगड्या आधी आत वाटल्या, मग बाहेर. मी एकही शब्द बोललो नाही. माझ्या अंगावर दोन होत्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी खिडकीबाहेरून ओळखीचा आवाज आला. वेस्ता ओसरीवर, माझ्या खिडकीच्या अगदी खाली होता. तो शेजारच्याला सांगत होता, "यो मुनसी नी वेतो तो डाक्टर नी आवतो. मैं कियो, इणे लिख्यो, ने सरकार आई."

मी भिंतीकडे तोंड केले. पण तो उठून खिडकीचा गज धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, "हऊ हो, मुनसीजी? तमारो भलो वे."

"घर में सब?" मला विचारावेच लागले.

"लाड़ी दसरा के दन गई," तो म्हणाला. "पछे दोई छोरा."

बायको, आणि मागून दोन्ही मुलगे. त्याला वाटले मी दुःखाने गप्प आहे. तोच मला समजावू लागला, "कई करां. सरकार घणी दूर रेवे. कागद बी तो पग-पग चाले."

त्यानंतर तो शाळेत होता तितके दिवस आल्यागेल्याला हेच सांगायचा. नवा रोगी आणला की खिडकीकडे बोट दाखवायचा. लोक मला हात जोडू लागले. एका म्हातारीने माझ्या खिडकीत दोन सीताफळे ठेवली. मला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता, आणि त्या दिवसांत तापापेक्षा मला त्याचेच भय वाटे. वेस्ताला तिथी मोजता येत नाहीत याबद्दल मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. हे लिहिताना लाज वाटते, पण मानले होते.

यमुनेला मी रोज विचारायचो, "कुसुम कशी आहे?"

"अण्णा येऊन देवासला घेऊन गेले," ती सांगायची. अण्णा म्हणजे माझे सासरे. "इथं कशाला ठेवायची या हवेत? तुम्ही पेज घ्या."

"रडली का जाताना?"

"नाही रडली."

मला ते बरे वाटले. मुलगी सुरक्षित आहे, एवढ्या एका गोष्टीवर मी ते दिवस काढले. खिडकीखाली तीन माणसे गमावलेला वेस्ता होता आणि माझे घर मात्र वाचले होते. माझ्या हातून जे झाले त्याची शिक्षा मला झाली नाही, असा माझा हिशेब होता.

इंदूरचे दुकान

महिनाभराने डॉक्टरांनी मला हवापालटासाठी जायला सांगितले. सासरी देवासला जायचे ठरले. महूपर्यंत टांगा, तिथून इंदूरला रेल्वे, इंदूरहून पुन्हा टांगा. इंदूरला टांगा ठरवताना सराफ्याजवळ एक खेळण्यांचे दुकान दिसले. मी लाकडी बाहुली हातात घेतली, लाल लुगड्याची.

"घेऊ नका," यमुना म्हणाली.

"का? कुसुमला आवडेल."

"नको."

"अगं, महिना होऊन गेला असेल तिला काही..."

"ती तेरसेला गेली," यमुना म्हणाली. "तुमच्या शेजारच्या खोलीत. तुम्हाला शुद्ध नव्हती."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदार म्हातारा होता. त्याने काही विचारले नाही, माझ्या हातातून बाहुली हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "बाईसाब, पानी ले लो भीतर से. इनको पिलाओ." त्याचे मी उपकार मानतो. त्या सगळ्या महिन्यांत मला भेटलेला तो एकच माणूस, ज्याला माझ्याकडून काही नको होते आणि ज्याच्यापासून मला काही लपवायचे नव्हते.

टांग्यात मी यमुनेवर ओरडलो. "इतके दिवस माझ्याशी खोटं बोललात? सगळे? कंपाउंडरसुद्धा?"

"सगळे."

"वेस्तासुद्धा?"

"त्यानं तर मला सांगितलं, मुनसी उठेपर्यंत बोलू नका म्हणून." ती रस्त्याकडे पाहत होती. "तुम्ही उठावं म्हणून केलं. उठलात ना?"

टांगा क्षिप्रा ओलांडत होता. माझ्यापासून बातमी अडवून ठेवणाऱ्यांचा मला संताप आला होता, आणि तो संताप कोणाच्या तोंडी शोभतो हेही कळत होते. यमुनेने ठेवलेल्या बातमीने कोणी मेले नाही. तिने महिनाभर एकटीने ते पोटात ठेवले आणि रोज मला पेज भरवली. मी ठेवला तो कागद जिवंत माणसांचा होता.

आणि टांग्यातच मी बोटांवर मोजले. दुसऱ्या माळेला कागद निघाला असता तर चौथ्या माळेपर्यंत डॉक्टर आले असते. चौथ्या माळेपासून त्रयोदशीपर्यंत, कुसुम गेली त्या तिथीपर्यंत, नऊ दिवस. तोवर मी मोजले होते ते वेस्ताच्या घराचे दिवस.

कैफियत

देवासला टेकडीच्या पायथ्याशी अण्णांचे घर. अण्णांची उभी हयात दरबारी चाकरीत गेली होती. मी गेल्यावर पंधरा दिवसांत रावसाहेबांचे पत्र आले. इंग्रजांच्या एजन्सीच्या साहेबांनी विचारणा केली होती की डोंगराकडच्या गावांत माणसे मरत असता मदत इतक्या उशिरा का गेली, जबाबदार कोण. हुजुरांनी ती विचारणा रावसाहेबांकडे पाठवली, रावसाहेबांनी कैफियत तयार करून माझ्याकडे. येणाऱ्या कागदांची नोंद माझ्या हातची, तेव्हा सही माझी हवी होती. रावसाहेबांनी सोबत लिहिले होते की जुना कागद त्यांनी बाजूला काढला आहे, काळजी नसावी.

कैफियत छोटी होती. पहिली खबर कचेरीस त्रयोदशीस पोचली. तत्पूर्वी संबंधित तडवीने वर्दी देण्यात कसूर केली.

अण्णांनी चष्मा लावून ती आणि सोबतचे पत्र, दोन्ही दोनदा वाचली. "गोविंदराव, खोटं लिहा असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पण खरं लिहून कोण परत येणार आहे? तुम्ही खरं लिहिलंत तर त्यात रावसाहेब आले, रावसाहेब आले की रिवाज आला, रिवाज आला की गादी आली. तिथवर कोणी जाऊ देणार नाही. मधल्या मधे तुम्ही जाल."

"आणि वेस्ता?"

"त्याचं काय, फार तर तडवीपणा जाईल."

स्वतःला सांगताना मी म्हणतो की नोकरीसाठी सही केली. ते खरे नाही. नोकरी गेली असती तर इंदूरला कुठे तरी शिकवणी करून पोट भरले असते. आतल्या खोलीत यमुना तांदूळ निवडत बसली होती. मी खरी कैफियत लिहिली असती तर ती अण्णांना वाचून दाखवावी लागली असती, आणि संध्याकाळपर्यंत तिला कळले असते की कुसुमच्या आणि डॉक्टरांच्या मधे मी मारलेली एक गाठ होती. ते मला सहन होण्यासारखे नव्हते. म्हणून मी सही केली. आजारानंतर माझे अक्षर कापत असे, त्या दिवशी ते मोत्यासारखे आले.

अर्ज

पौषात मी कामावर रुजू झालो. माघात वेस्ता आला. त्याचा तडवीपणा काढून घेतला होता आणि तडवीपणाचे शेतही. कोणी काढले, कशावरून, हे त्याला कळले नव्हते. कचेरीने त्याला इतकेच सांगितले होते की तू वेळेवर वर्दी दिली नाहीस.

"तमे अर्जी लिखो," तो मला म्हणाला. "तमारा लिख्या से सरकार आवे."

कचेरीत अर्ज लिहिणारे दुसरेही होते. मी त्याला त्यांच्याकडे पाठवू शकलो असतो. पण मी कागद ओढला आणि तो म्हणाला तसेच लिहिले, एक अक्षर न बदलता. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः कचेरीत येऊन गावात ताप असल्याची वर्दी दिली. ती अव्वल कारकुनांनी लिहून घेतली व माझा अंगठा घेतला. लिहिताना मला वाटत होते की हे वर जाईल, कोणीतरी वाचील, कोणीतरी विचारील हा अव्वल कारकून कोण, आणि मला पकडतील. मला पकडायला हवे होते. स्वतः बोलण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी ते काम वेस्ताच्या अंगठ्यावर सोपवले. मी त्याला अर्ज वाचून दाखवला. तो मान हलवत ऐकत होता.

आठ दिवसांनी हुजूर कचेरीतून तो अर्ज परत आला. चौकशी करून अभिप्राय द्यावा, असे कोपऱ्यात लिहिले होते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच तो फिरून आला. रावसाहेबांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "शेरा लिहा."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचाही धाकटा भाऊ त्या तापात गेला होता, हे मला नंतर कळले.

मी शेरा लिहिला. अर्जदार म्हणतो तसा कागद दफ्तरी आढळत नाही. हे अक्षरशः खरे होते, तो कागद दफ्तरी नव्हता.

निकाल सांगायला वेस्ताला बोलावले तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिलो. ओसरीवरून त्याचा आवाज येत होता. तो शिपायाला सांगत होता, "मुनसीजी ने तो लिख्यो थो, भिया. ऊपर वारा नी मान्या."

पुढे तो गाव सोडून कन्नौदच्या बाजूला मजुरीला गेला असे कळले. त्यानंतरचे मला ठाऊक नाही. मी चौकशी केलेली नाही.

लोक अजून म्हणतात, त्या साथीत सरकार कुठे होते. मीही चारचौघांत मान हलवतो. दुसऱ्या माळेला, सकाळी दहाच्या सुमारास, त्या परगण्यात सरकार म्हणजे मी होतो. माझ्यासमोर एक माणूस खांब धरून उभा होता आणि त्याला चार पाणके हवे होते.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. कचेरीतला माझा सगळा जन्म मोडी लिपी लिहिण्यात गेला, पण हे मी बाळबोध लिपीत लिहिले आहे. घरात मोडी फक्त मला येते. यमुनेला बाळबोध वाचता येते. ती सावकाश वाचते, ओळीखाली बोट धरून. नवसाने नवरा वाचला म्हणून ती अजून दर मंगळवारी एक वेळ जेवते.

आज दुपारी तिचे आवरून झाले की हे कागद तिच्या हातात देणार आहे. वाचून झाल्यावर ती विचारील, डॉक्टर आले असते तर कुसुम वाचली असती का. हे मी कंपाउंडरला एकदा विचारले होते. तो म्हणाला, कोणाचे काही सांगता येत नाही, या तापाला औषध नव्हते. तेच मी तिला सांगेन. आणि तिने विचारले नाही तरी हेही सांगेन, की नऊ दिवस होते.